फीचं बोलणं

वकिली नव्याने सुरू केलेली मुलंमुली भेटायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : कामं कशी मिळवायची? मी त्यांना उलट विचारते, आज जे पक्षकार तुमच्याकडे आहेत, त्यांतल्या किती जणांना आपलं काम कुठवर आलंय, पुढे काय व्हायचंय आणि शेवटपर्यंत एकूण किती खर्च येईल हे ठाऊक आहे? ती जरा थांबतात. मग कुणीतरी म्हणतं, "त्यांनी विचारलं की सांगतो." माझ्या मते गाडं नेमकं इथेच अडतं. पक्षकाराने विचारल्यावर सांगणारा वकील आणि त्याने विचारायच्या आधी सांगणारा वकील, या दोघांच्या प्रॅक्टिसमध्ये काही वर्षांनी केवढा तरी फरक पडलेला मी पाहिला आहे. दोघांची कायद्याची जाण सारखीच असली तरीही.

पैशाबद्दल बोलणं कमीपणाचं मानायची आपल्या व्यवसायात जुनी सवय आहे. कायद्याचं वकिलाने बोलायचं आणि फीचं बाहेर बसलेल्या कारकुनाने, अशी वाटणी अनेक चेंबरमध्ये असते. मला ती कधीच पटली नाही. समोर आलेला माणूस बहुधा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांतून जात असतो. घर हातातून चाललंय, नोकरी गेलीय, संसार मोडतोय, भावाभावांत फाटलंय. कायदा कळत नाही म्हणून तर तो आलेला असतो. पण 'हे मला झेपेल का' हा हिशेब तो खुर्चीत बसल्यापासून मनात करत असतो. आपण गप्प राहिलो की तो हिशेब त्याला अंदाजाने करावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाचे अंदाज नेहमी चुकतात. म्हणून फीचं बोलणं मी व्यवहाराचा भाग मानत नाही, पक्षकाराला दिलेल्या पहिल्या सल्ल्याचा भाग मानते.

अब्राहम लिंकन अध्यक्ष होण्याआधी दोन दशकांहून अधिक काळ वकिली करत होते. १८५०च्या सुमारास त्यांनी वकिलीवर व्याख्यान देण्यासाठी काही टिपणं लिहून ठेवली. त्यांत फीबद्दल फार शहाणपणाचं बोलणं आहे. अवाच्या सवा फी मागू नये, आणि सगळी फी आगाऊही घेऊ नये. सुरुवातीला थोडी घ्यावी. कारण पूर्ण पैसे आधीच हातात पडल्यावर कामातला रस तसाच टिकवून ठेवणं सामान्य माणसाला जमत नाही. वकीलही माणूसच असतो, त्याचं मन कुठे ढिलं पडतं हे ओळखून व्यवस्था लावावी, असा तो विचार आहे. याच लिंकनना पुढे आपल्याच पक्षकारावर फीसाठी दावा लावावा लागला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचा करासंबंधीचा मोठा खटला त्यांनी जिंकून दिला, फीवरून वाद झाला, आणि १८५७ मध्ये ५,००० डॉलरसाठी ते कोर्टात गेले. फी रास्त आहे हे दाखवायला इतर वकिलांची मतं पुढे ठेवावी लागली. ते जिंकले, आणि त्यानंतर त्याच रेल्वेची कामंही त्यांनी केली. प्रत्येकाच्या नशिबी असा शेवट नसतो. बहुतेकांच्या वाट्याला बुडालेली फी आणि गावभर बोलत फिरणारा माजी पक्षकार एवढंच येतं.

तेव्हा कागद करावा. एक पान पुरतं, पण ते पक्षकाराच्या भाषेत हवं. काम कोणतं घेतलंय आणि कोणतं घेतलेलं नाही. दाव्याची फी ठरवली असेल तर अपिलाची त्यात धरलीय की वेगळी. कोर्ट फी, टंकलेखन, प्रवास, तज्ज्ञाचा अहवाल हे खर्च कुणाचे. मधल्या अर्जांचं काय. तडजोड झाली तर काय. त्याने मध्येच वकील बदलला तर तोवरच्या कामाचं काय. टप्पे पाडून त्या-त्या टप्प्याला रक्कम लिहिली की लिंकनची अडचणही सुटते आणि पक्षकाराचीही, कारण त्याला एकदम मोठा आकडा उभा करावा लागत नाही. कागद वाचून दाखवल्यावर मी एक गोष्ट आवर्जून करते. "आता तुम्ही मला सांगा, आपलं काय ठरलं," असं म्हणते. दर वेळी काहीतरी वेगळंच त्याच्या समजुतीत गेलेलं असतं आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं. सर्वांत जास्त गैरसमज कुठे होतो म्हणाल, तर निकालाबद्दल. 'होईल काम' असं सहज बोललेलं वाक्य पक्षकार हमी म्हणून घरी घेऊन जातो. निकालाची हमी आपण देत नाही, मेहनतीची देतो, हे त्या कागदावर ठळक अक्षरांत हवं.

आणि ज्याला खरोखरच परवडत नाही त्याचं? त्याचं काम फुकट करायचं असेल तर तसं स्पष्ट सांगून करावं, कमी पैशात करायचं असेल तर तेही लिहून द्यावं. पण अर्धी फी घेतली म्हणून अर्ध्या मनाने काम करणं हे पाप आहे. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. असा पक्षकार 'तुम्ही कमी घेतलेत' या ओझ्याखाली तक्रारसुद्धा करत नाही.

फी किती सांगायची हे कळायला मात्र आपला वेळ कुठे जातो ते आधी कळलं पाहिजे. तासांवर फी लावायच्या पद्धतीचं मूळ शोधत गेलं तर रेजिनाल्ड हेबर स्मिथ हे नाव भेटतं. हा मनुष्य १९१४ पासून बॉस्टनच्या लीगल एड सोसायटीत गरिबांचे खटले सांभाळत होता. कामांचा डोंगर आणि तुटपुंजा निधी, म्हणून कोणत्या कामाला किती वेळ लागतो याची त्याने नोंद ठेवायला सुरुवात केली. वेळेचा तक्ता पुढे मोठ्या फर्ममध्ये पोचला आणि तासाचे दहा भाग पाडून, सहा-सहा मिनिटांची बिलं निघू लागली. मला यात लक्षात ठेवण्याजोगं वाटतं ते हे की सुरुवातीला ती नोंद संस्थेला स्वतःचं काम समजावं म्हणून होती. आजही मी ती तशीच वापरावी असं सांगते. फी ठोक रकमेत घ्या, पण वेळ लिहून ठेवा. सहा महिन्यांनी वही उघडलीत तर दिसेल की ज्या कामांना आपण किरकोळ म्हणत होतो त्यांनीच आठवडे खाल्लेत, आणि ज्याची भीती वाटत होती ते काम दोन बैठकांत संपलंय. पुढच्या पक्षकाराला आकडा सांगताना मग आवाज अडखळत नाही. तासावर बिल लावण्याचा धोका उघड आहे, हळू काम करणाऱ्याला त्यात जास्त मिळतं.

'बार, म्हणजे वकिलांची संघटना, जे घेते ते मी घेतो' हे उत्तरही फार काळ टिकणारं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका जोडप्याला घर घेताना मालकी हक्काची तपासणी करून हवी होती. स्थानिक बारने किमान दर ठरवून ठेवला होता. त्या जोडप्याने आणखी ३६ वकिलांना पत्रं लिहिली. १९ उत्तरं आली आणि एकानेही त्या दराखाली यायची तयारी दाखवली नाही. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोल्डफार्ब खटल्यात असे बांधलेले दर बेकायदा ठरवले. आपली फी आपल्याला आपल्या कामावरून सांगता आली पाहिजे.

फीनंतर माझ्या मनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे कळवणं. वकिलाने ड्राफ्टिंग कसं केलंय, उलटतपासणी किती नेमकी घेतलीय, हे पक्षकाराला पारखता येत नाही. त्याला एवढंच दिसतं की वकिलाने फोन उचलला की नाही. तो आपल्याला तेवढ्यावरून तोलतो आणि त्यात त्याची चूक नाही, कारण त्याच्याकडे दुसरं मापच नाही. यासाठी आठवड्यातला एक ठरावीक वेळ राखून ठेवावा. सगळ्या चालू फाइली एकेक करून उघडाव्यात आणि प्रत्येक पक्षकाराला दोन ओळी पाठवाव्यात. काही घडलं नसेल तर 'या आठवड्यात काही घडलं नाही, पुढची तारीख अमुक' एवढंच. हे निरुपयोगी वाटतं, पण न घडण्याची बातमी पोचली की माणूस रात्री झोपतो. शिवाय फोनांची संख्या इतकी घटते की गेलेला वेळ भरून निघतो. वाईट बातमी मात्र त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगावी. अर्ज फेटाळला गेला हे त्याला कोर्टाच्या संकेतस्थळावरून किंवा समोरच्या पार्टीकडून कळलं, तर पुढे तुम्ही कितीही चांगलं अपील लिहा, त्याचा विश्वास परत येत नाही.

मुदतीबद्दल एकच सांगते. तारीख दोन ठिकाणी आणि दोन माणसांकडे लिहिलेली हवी, आणि शेवटच्या दिवसाबरोबर त्याच्या बऱ्याच आधीचा एक दिवसही डायरीत हवा.

आता नकार. नव्या वकिलाला नकार देणं अशक्य वाटतं, कारण येणारं प्रत्येक काम म्हणजे महिन्याचा खर्च. मला ते समजतं. पण वाईट वर्षं मला तरी कामांच्या कमतरतेने आलेली आठवत नाहीत, घेऊ नये ती कामं घेतल्यामुळे आलेली आठवतात; माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचंही तेच आहे. पहिल्याच भेटीत मागच्या सगळ्या वकिलांना शिव्या देणारा पक्षकार आपल्यालाही त्याच रांगेत उभं करणार आहे. 'पैशाचा प्रश्न नाही, त्याला रस्त्यावर आणायचंय' म्हणणाऱ्याला कायद्यातून मिळण्यासारखं काही नसतं, सूड ही मागणी कोर्ट मान्य करत नाही, आणि निकाल त्याच्या बाजूने लागला तरी तो नाराजच राहतो. खोटा कागद पुढे करून 'एवढं सांभाळून घ्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं, त्यात विचार करण्यासारखंही काही नाही. चौथा प्रकार जास्त अवघड : काम चांगलं असतं, माणूस चांगला असतो, विषय आपला नसतो. अशा वेळी त्या विषयातल्या वकिलाचं नाव द्यावं. देणाऱ्याची प्रतिष्ठा त्याने वाढते, आणि ज्याच्याकडे काम गेलं तो विसरत नाही.

नकार मात्र लेखी द्यावा. हे फार थोडे लोक करतात. 'मी हे काम घेतलेलं नाही, तुमचे कागद परत करत आहे, आणि या दाव्याला मुदतीचा कायदा लागू आहे, तेव्हा दुसरा वकील तातडीने गाठा,' एवढं पत्र. तोंडी नकार दिला की काही जण महिनोन्‌महिने समजून चालतात की वकीलसाहेबांनी काम हाती घेतलंय, आणि मधल्या काळात त्यांचा हक्कच संपतो. आणि काम घ्यायच्या आधी समोरच्या पक्षाचं नाव आपल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावं. पूर्वी ज्याची गुपितं ऐकली त्याच्याविरुद्ध उभं राहायची वेळ येऊ नये.

तडजोडीचा विषय निघाला की तरुण वकील काळजीने विचारतात, खटला मिटला तर फी कुठून येणार? मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या खटल्यासाठी गेले तेव्हा दावा ४०,००० पौंडांचा होता. दोन्ही बाजूंचे व्यापारी नात्यातले, एकाच शहरातले. वकिलांच्या खर्चाने दोघेही बुडत चाललेत हे पाहून त्यांनी प्रकरण लवादाकडे नेलं. निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने लागला, ३७,००० पौंड आणि खर्च. पण एवढी रक्कम एकदम भरली असती तर समोरच्या बाजूच्या तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं, आणि गांधींना जास्त कष्ट पडले ते आपल्याच अशिलाला लांब मुदतीच्या हप्त्यांसाठी तयार करताना. पुढच्या वीस वर्षांच्या वकिलीत शेकडो प्रकरणं त्यांनी अशी मिटवली आणि त्यात पैशाचंही नुकसान झालं नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. लिंकनच्या त्या टिपणांतही हेच आहे : शेजाऱ्यांना तडजोडीला लावा, काम तरीही पुरेसं उरेल. दोन खंड, दोन वकील, आणि व्यवहाराचा एकच निष्कर्ष. ज्याचं भांडण आपण कमी खर्चात मिटवलं तो माणूस पुढच्या प्रत्येक करारावर सही करण्याआधी आपल्याला विचारतो. भांडणाच्या कामापेक्षा भांडण होऊ नये म्हणून केलेलं काम जास्त वर्षं चालतं.

जाहिरातीचा मुद्दा मी लवकर संपवते. अमेरिकेत १९७७ मध्ये बेट्स खटल्यानंतर वकिलांना जाहिरातीची मोकळीक मिळाली. भारतात बार कौन्सिलचा नियम ३६ ती देत नाही. नियम कुठलाही असो, चांगलं काम येतं ते जुन्या पक्षकाराकडून, दुसऱ्या विषयातल्या वकिलाकडून, आणि कित्येकदा समोरच्या बाजूच्या वकिलाकडून. ज्याने आपल्याला विरुद्ध बाजूला उभं राहून पाहिलं, शब्द पाळताना पाहिलं, तारखेसाठी खोटी सबब न सांगताना पाहिलं, तो स्वतःच्या मेव्हण्याची केस आपल्याकडे पाठवतो.

पक्षकाराचा पैसा आणि आपला पैसा यांची खाती वेगळी हवीत. तडजोडीची रक्कम, कोर्ट फीसाठी दिलेली रक्कम, अनामत, यांतला एक रुपयाही 'दोन दिवसांसाठी' घरखर्चाला वापरायचा नाही. जगभरात वकिलांच्या सनदा ज्या कारणांनी जातात, त्यांत हे कारण कायम सापडतं, आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा चोरीच्या इराद्याने झालेली नसते. तसंच फाइलचं. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवायचे नाहीत. आर. डी. सक्सेना खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्वच्छ सांगितलं की फीसाठी फाइलवर वकिलाचा ताबा राहत नाही, ती परत द्यावीच लागते. थकलेली फी वसूल करायला दुसरे मार्ग आहेत. आणि जाणाऱ्या पक्षकाराला फाइल नीट लावून, अनुक्रमणिका करून दिली तर तो परतसुद्धा येतो.

ज्युनिअरबद्दल मला पोटतिडकीने बोलायचं आहे. 'शिकायला मिळतंय ना' या एका वाक्यावर वर्षानुवर्षं मुलांकडून काम करून घेणं मला अमान्य आहे. ज्याच्या घरून पैसे येतात तोच मग या व्यवसायात टिकतो आणि ज्याच्या घरून येत नाहीत ती हुशार मुलगी दोन वर्षांत दुसरी नोकरी धरते. हे नुकसान बारचं आहे, न्यायालयाचं आहे. ज्युनिअरला दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यावी, ठरलेल्या दिवशी द्यावी. त्याहून महत्त्वाचं, त्याला पक्षकाराच्या बैठकीत बसवावं, छोट्या अर्जावर स्वतः युक्तिवाद करू द्यावा आणि त्याने लिहिलेल्या मसुद्यावर का खोडलं हे बाजूला लिहून द्यावं. खोडलेलं नुसतं परत दिलं तर तो टंकलेखक होतो.

हल्ली मसुदा यंत्राकडूनही, म्हणजे एआयकडूनही, येतो. वापरायला हरकत नाही, पण न्यूयॉर्कच्या कोर्टात २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात काय झालं ते प्रत्येक ज्युनिअरला सांगावं. यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी दाखल केले, आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय तो युक्तिवादात येता कामा नये. सही आपली असते.

तब्येतीबद्दल आपल्यात बोललंच जात नाही. २०१६ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या हेझल्डन बेटी फोर्ड फाउंडेशनने सुमारे १३,००० वकिलांची पाहणी प्रसिद्ध केली. पाचातल्या एकाहून जास्त जणांचं दारू पिणं चिंताजनक होतं आणि २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. दिवसभर इतरांचं दुःख ऐकायचं, त्यावर भांडायचं आणि हरलो तर ते आपल्यावर घ्यायचं, असा हा व्यवसाय आहे. ज्याच्यापुढे हुशार दिसायची गरज नाही असा एक सहकारी प्रत्येकाला हवा. आणि त्रास वाढला तर डॉक्टरकडे जावं, पक्षकाराला आपण जसं 'आधीच यायला हवं होतं' म्हणतो, तसं ऐकायची वेळ आणू नये.

त्याच सहकाऱ्याशी आणखी एक काम करून ठेवायचं असतं, आणि एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्यांनी तर याच महिन्यात करावं. उद्या मी आजारी पडले, अपघात झाला, तर माझी डायरी कोण उघडणार? एका विश्वासातल्या वकिलाशी लेखी ठरवावं. चालू फाइलींची यादी, प्रत्येकीची पुढची तारीख आणि मुदत, पक्षकाराचा फोन नंबर, मूळ कागद कुठे ठेवलेत, अनामतीच्या खात्यात कुणाचे किती आहेत. यादी दर महिन्याला नवी करावी आणि ती कुठे आहे हे घरात एकाला ठाऊक असावं. अशा वेळी अमुक वकील तुमचे कागद पाहतील आणि तारीख सांभाळतील, तुम्हाला दुसरे नेमायचे असतील तर तुमची मर्जी, हे पक्षकाराला फीच्या त्या कागदावरच शेवटच्या ओळीत लिहून द्यावं आणि त्याखाली त्याची संमती घ्यावी.